लांब काळ्या खाचेचा बोर्ड

आमच्या शेडमध्ये जिवंत काय आणि मेलेलं काय हे एकच माणूस ठरवायचा, माझे बाबा. ऑफिसांतून, शाळांतून, दवाखान्यांतून टेम्पो भरभरून येणारं ते सगळं लटांबर, जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, ठोकळ्यासारखे मॉनिटर, आधी त्यांच्या टेबलापाशी जायचं. ते वायर जोडायचे, कान लावायचे, नाक जवळ नेऊन वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. जिवंत असेल तर डब्यावर खडूने बरोबरची खूण, मास्तर वहीवर करतात तशी. मेलेलं असेल तर खूण नाही की शब्द नाही, नुसतं कोपराने पुढे ढकलून द्यायचे. खूण असलेल्याला कुणी हात लावायचा नाही आणि खूण नसलेलं फोडायचं, असा आमचा कायदा. फोडल्यावर लोखंड एकीकडे, तांबं एकीकडे, आणि हिरवे बोर्ड सगळ्यात शेवटी, पोत्यांत.

माझा नवरा बाबांना डॉक्टर म्हणायचा आणि स्वतःला कसाई. सासरे-जावयाची अशी जुंपायची की नवख्या माणसाला वाटावं, आता हाणामारी होणार. "डॉक्टर, किती वेळ नाडी बघताय? इथे माझा सुरा गंजायला लागला." त्यावर बाबा म्हणायचे, "दम धरा जावईबापू. तुम्हाला मारायची घाई, मला वाचवायची." बाबांनी जन्मभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. मग दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईकच उरलं नाही, दुकान बंद झालं, त्यात आई गेली, आणि मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. सुरुवातीला ते मेलेल्या ढिगातून वस्तू परत उचलून आणायचे. याला अजून एकदा बघतो, त्याला अजून एकदा बघतो. कामाचा नुसता खोळंबा. शेवटी नवऱ्याने कोपरापासून हात जोडले आणि नियम केला, एकदा मेलं म्हटलं की मेलं, परत बघायचं नाही. बाबा दोन दिवस फुगून बसले. नंतर मात्र तो नियम त्यांनी असा काही उचलला, जसा काही त्यांनीच केला होता. "मला परत बघायची गरजच पडत नाही," असं येईल त्याला सांगायला लागले.

आणि नेमके त्याच काळात त्यांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, मोतीबिंदू पिकत चालले. चहाचा कप टेबलाच्या कडेला अर्धा बाहेर ठेवायचे. समोरून मी आले तर चपलांच्या आवाजावरून ओळखायचे आणि वर असं दाखवायचे की लांबूनच पाहिलं. मी काय दूधखुळी आहे? धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, छोटं ऑपरेशन आहे, घाबरायचं कारण नाही. बाबा तिथून जे उठले ते थेट रस्त्यावर.

"माझे हात बघतात," म्हणाले. "मला डोळ्यांची गरज नाही."

"मग हातांनाच चष्मा करून आणते," मी म्हटलं. पण ऐकतील तर ते बाबा कसले. दीड वर्ष मी बोलून बोलून घसा कोरडा केला, नवऱ्यानेही करून पाहिलं. शेवटी दोघांनीही हात टेकले.

अशात एक दिवस मावशीचा फोन आला. सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण, पण माझं बाळंतपण तिनेच केलं, तेव्हा सख्खीपेक्षा काकणभर जास्तच. तिचा नवरा लवकर गेला. तिने बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन टाकली, तीही जुनी, कुणीतरी वापरून काढलेली, आणि त्या मशीनवर दोन मुली शिकवल्या, त्यांची लग्नं केली. शाळांचे बिल्ले, गणवेशाच्या खिशांवरची नावं, हॉटेलांचे टॉवेल. खोलीत पाऊल ठेवलं की जमीन थरथरायची, खिडकीची काच वाजायची, आणि मावशी त्या आवाजाच्या वर ओरडून गप्पा मारायची. मुली म्हणायच्या, आता आमच्याकडे ये. ती म्हणायची, मशीन आहे तोवर मी कुणाच्या दारात बसणार नाही. बाई तशी भारी ताठ्याची.

तर ती मशीन बंद पडली होती. काही केल्या सुरूच होईना. बाबा लगेच निघाले, मी त्यांच्याबरोबर. मशीनच्या पोटात एक जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर असतो, तो त्यांनी उघडला, बोर्ड बाहेर काढला, खिडकीशी नेला, अगदी नाकाला टेकेल इतका जवळ धरला. बोटं फिरवली, वास घेतला, वायर लावून पाहिली. काहीच हालचाल नाही. मग कोपराने बाजूला सरकवला.

"मेलाय," म्हणाले.

मावशीचा चेहरा उतरला. ज्या कंपनीची मशीन, त्यांना तिने आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, हे मॉडेल आता कुणी बनवत नाही, नवीन मशीन घ्या. नवीन मशीन म्हणजे काय भाजी आहे?

"ताई, काळजी करू नका," बाबा म्हणाले. "या बोर्डावर ही लांब काळी खाच दिसते ना, तुमच्या मशीनचं कार्ड यात बसतं. हल्लीच्या बोर्डांना ही खाच नसते. पण आमच्याकडे दुनियेचं भंगार येतं. मी तुम्हाला असा बोर्ड शोधून देतो. माझा शब्द."

मावशीने मेलेला बोर्ड परत मशीनच्या पोटात ठेवला, वर कापड टाकलं आणि आम्हाला चहा केला.

त्यानंतर बाबांना दुसरं काही सुचेना. टेम्पो आला की सगळ्यांच्या आधी तेच पुढे. डबे उघडायचे, आत हात घालायचे आणि बोटांनी ती खाच शोधायचे. नवरा म्हणायचा, "डॉक्टर, तुम्ही पोरीसाठी स्थळंसुद्धा इतकी शोधली नसतील." बाबा म्हणायचे, "तेव्हा शोधली असती तर तुम्ही कशाला मिळाला असतात?" कितीतरी डबे गेले. आणि एकदा, एका दवाखान्यातून आलेल्या मालात, त्यांचा हात एका डब्यात जाऊन थांबला.

"सापडला!" ते असे ओरडले की माल फोडणाऱ्या काकी हातोडी टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं विंचूच चावला.

बोर्ड तोच होता, फक्त त्याच्यावरच्या काही टोप्या, म्हणजे वीज साठवणारी ती चिमुकली नळकांडी, फुगल्या होत्या. त्या काढायच्या, नव्या बसवायच्या, आठ-दहा जागी कथलाचा डाग देऊन झाळायचं. पूर्वी बाबा हे काम गप्पा मारता मारता करायचे. त्या दिवशी ते तापलेली झाळणी घेऊन बसले आणि पहिल्याच टोपीला त्यांनी स्वतःचं बोट भाजून घेतलं. परत बसले. या वेळी झाळणी भलत्याच जागी टेकली. त्यांनी ती खाली ठेवली. संध्याकाळी जेवताना मान खाली घालून म्हणाले, "पोरी, तो डोळ्यांचा डॉक्टर कधी ये म्हणाला होता?"

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. दीड वर्षात जे आम्हा दोघांना जमलं नाही ते त्या धुळकट बोर्डाने केलं.

जायच्या आधी त्यांनी बोर्ड परत त्याच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, डब्याच्या दोन्ही अंगांना खडूने बरोबरच्या खुणा केल्या, हातभर मोठ्या, आणि डबा आपल्या फळीवर ठेवला. काकींना बजावलं, नवऱ्याला बजावलं, मलाही बजावलं. मी म्हटलं, "बाबा, त्याला पहारा ठेवू का?"

ऑपरेशन छान झालं. एका डोळ्याचं आधी, मग दुसऱ्याचं. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तुझे केस किती पांढरे झाले!" मी म्हटलं, "तुमच्यामुळेच." डॉक्टरने ताकीद दिली होती, धूळ अजिबात चालायची नाही, काही आठवडे शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. बाबा घरात बसून कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचायचे, भिंतीवरच्या मुंग्या मोजायचे, आणि दर तासाला विचारायचे, जाऊ का आता?

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते. हा माणूस घरात पाण्याचा पेला उचलून ठेवणार नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्याच्या हातात झाडू पाहिलेला नाही. पण एका रविवारी शेड बंद असताना तो एकटाच तिथे गेला, आणि बाबांचं टेबल, खुर्ची, फळी, फळीवरचे सगळे डबे त्याने ओल्या फडक्याने पुसून लखलखीत केले. सासऱ्यांच्या नव्या डोळ्यांत धूळ जायला नको म्हणून. मला बोललासुद्धा नाही. सोमवारी काकी कामावर आल्या. बघतात तो फळीवर चकाचक डबे, एकावरही खूण नाही. त्यांना वाटलं, बजावलेला डबा बाबांकडे घरी गेला असेल; बाकीचे त्यांनी कायद्याप्रमाणे एकेक करून उतरवले आणि फोडले. दुपारी आमचे बोर्ड विकत घेणाऱ्या बोर्डवाल्याचा ट्रक आला आणि पोती भरून घेऊन गेला.

कळलं ते गुरुवारी. बाबा म्हणाले, शेडमध्ये जाऊ देत नाही तर तो डबा तरी घरी आणा, मी खिडकीत बसून टोप्या बसवतो. नवरा डबा आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. थेट स्वयंपाकघरात माझ्याकडे. तोंड पांढरंफटक. सगळं सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं पुसायला? उभ्या जन्मात कधी फडकं धरलं नाहीत, ते नेमकं तेव्हाच सुचलं?"

त्याने मोटारसायकल काढली आणि बोर्डवाल्याच्या गोदामात गेला. अंधार पडता पडता आला तेव्हा दोन्ही हात ओरबाडलेले, शर्ट फाटलेला, आणि पिशवीत तीन बोर्ड. तिथे म्हणे घराएवढा ढीग होता, आणि आमची पोती त्यात कधीच मिसळून गेली होती. मी ते तिन्ही बोर्ड पाहिले. एकालाही लांब काळी खाच नव्हती. त्याला ते माहीत होतं. रिकाम्या हाताने यायचं धाडस झालं नसेल.

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मीच खूण नीट केली नसेन," ते म्हणाले. "तेव्हा दिसत कुठे होतं मला."

"नाही बाबा," नवरा म्हणाला. "खूण चांगली ठळक होती. मी पुसली."

त्या दिवसापासून त्याने त्यांना डॉक्टर म्हणणं सोडलं. शेडमधली थट्टा बंद झाली. दोघं एकमेकांशी इतके जपून बोलायला लागले की मला भांडणं बरी वाटायला लागली. नवरा दर टेम्पोतले डबे स्वतः उघडायचा, स्वतः खाच शोधायचा. दुसऱ्या शेडवाल्यांकडे जाऊन त्यांच्या ढिगात हात घालायचा. मिळाला नाही. तसले बोर्ड येण्याचे दिवसच संपले होते.

आणि बाबा मावशीकडे गेले नाहीत. मला ते आज सगळ्यात जास्त टोचतं. मी म्हटलं, चला, दोघं जाऊन सांगू. ते म्हणाले, "कोणत्या तोंडाने जाऊ? शब्द दिला होता मी." मग मी एकटी गेले. मावशी कापडाने झाकलेल्या मशीनशेजारी बसून हाताने काज करत होती. सगळं ऐकून घेतलं आणि उलट मलाच म्हणाली, "जावयाला रागावू नकोस गं. भाऊजींना सांग, होईल काहीतरी."

काही झालं नाही. शाळांचं काम दुसरीकडे गेलं, मग हॉटेलांचं. सहा-सात महिन्यांनी तिचा फोन आला. "मी मुलीकडे जायचं ठरवलंय. खोली रिकामी करायची आहे. मशीन घेऊन जा."

"मावशी, दुसऱ्या कुणाला तरी..."

"दुसऱ्या कुणाला कशाला? परक्याने घण घालण्यापेक्षा तुम्ही उघडा. नीट उघडाल."

मशीन आली. नवऱ्याने ती तोडायला काकींना दिली नाही, स्वतः बसला. एकेक स्क्रू हाताने काढला. एवढं जपून त्याला काहीही उघडताना मी पाहिलेलं नाही. पण कितीही जपलं तरी क्रम तोच. आधी लोखंड, मग मोटरचं तांबं. लोखंडाचा ट्रक सकाळी आला आणि मशीनचं धूड घेऊन भट्टीकडे गेला. राहिला बोर्ड. तो शेवटी बाबांच्या टेबलावर आला, चिप काढून पोत्यात टाकायला.

मी तिथेच होते, वजनकाट्यापाशी. बाबांनी बोर्ड उचलला. आता त्यांना नाकाशी धरायची गरज नव्हती. हातभर लांब धरला, खिडकीच्या उजेडात थोडा तिरका केला, आणि तसेच थांबले. मग पालथा केला. परत सुलटा. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, चक्कर येतेय की काय.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही," म्हणाले, आणि झाळणी तापत ठेवली.

जिथून बोर्डाला वीज मिळते तिथल्या सांध्यांना झाळणी टेकवली. चार जागा. चहा निवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. मग वायर जोडली. बोर्डावरचा छोटा पंखा एकदा अडखळला आणि फिरायला लागला. मग बोर्ड बोलला, जिवंत बोर्ड बोलतो तसा, एकच बारीक टुक्.

माझ्या हातातलं वजन खाली पडलं.

"सांधे सुटले होते," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "केसाएवढी चीर. दिवसभर थरथरणारी मशीन, तिचे सांधे सुटणारच. हे मी पोराटोरांना शिकवायचो. मला दिसलं नाही, आणि दिसत नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हटलं मेलाय."

आणि आम्ही कुणीही परत पाहिलं नाही. बाबांचे डोळे आल्यावरसुद्धा आम्ही तिघंही दुनियेच्या भंगारात दुसरा बोर्ड शोधत होतो, आणि हा तिथे मशीनच्या पोटात कापडाखाली पडून होता. मेलं म्हटलं की मेलं. बाबा एकदा जरी मावशीकडे गेले असते, नुसते चहाला, तरी सवयीने मशीन उघडली असती. मला माहीत आहे ना त्यांचे हात.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. तो आला, फिरणारा पंखा बघितला, आणि त्याला समजायला क्षण लागला.

"जावईबापू, तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं," बाबा म्हणाले. "तुम्ही पुसलंत त्याच्या कितीतरी आधी मी चुकलो होतो. उगाच मनावर ओझं ठेवू नका."

मला वाटलं, त्याचा जीव भांड्यात पडेल. कसलं काय. तो एकदम भडकला. "मग सकाळी का नाही बघितलं? ट्रक यायच्या आधी का नाही? आत्ता सांगून मी काय करू?" असं म्हणून बाहेर गेला आणि रिकाम्या पोत्यांवर पाठ करून बसला. थोड्या वेळाने मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. तो रडत होता. म्हणाला, "मावशीला सांगू नका म्हणावं त्यांना. आता त्याचा काय उपयोग?"

मलाही तेच वाटत होतं. मी बाबांना तसं सांगितलंही. पण त्यांनी अंगात स्वच्छ शर्ट घातला आणि म्हणाले, "मागच्या वेळी तुला एकटीला पाठवलं. चल."

मावशीच्या खोलीत बांधाबांध चालली होती. मशीन होती त्या जागी फरशीवर चार पायांचे गंजाचे डाग राहिले होते, आणि खोली इतकी शांत होती की मला तिथे बोलायला नको वाटलं. मावशीने बाबांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं, स्वतः पेटीवर बसली. बाबांनी काहीही न लपवता सांगितलं. कुठे चीर होती, का दिसली नाही, का म्हणालो मेलाय. त्यांनी माफी मागितली नाही. मागायचा धीर झाला नसावा.

मावशीने त्या डागांकडे पाहिलं.

"म्हणजे चालली असती?" तिने विचारलं.

"चालली असती."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. तुमचा चहा होईपर्यंत."

तिने मान हलवली. उठली, दोऱ्याच्या रिळांची पिशवी उचलली, परत खाली ठेवली. मला वाटलं, आता फटकन काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान बाबांना ऐकून तरी घेता आलं असतं. तिने माठातलं पाणी काढलं आणि पेला त्यांच्यापुढे धरला. बाबांनी तो बरोबर हातात घेतला, न चाचपडता, आणि ते तिच्या लक्षात आलं.

"आता नीट दिसतं ना भाऊजी?" तिने विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. "आता सगळं स्वच्छ दिसतं."